पोटावरची लाथ कोण मोजणार?

(दुसरबीड, ता. सिंदखेडराजा, जि. बुलडाणा इथं तरुण कार्यकर्त्यांपुढं केलेलं भाषण. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

दोस्तहो, भावांनो, आणि तिकडं मागं भिंतीला टेकून बसलेल्या बायांनो,

आधी बायांनी पुढं यावं. मी बोलणार आहे ते तुमचंच आहे. पुढच्या रांगेतल्या पोरांनो, सरका, जागा करा.

तुम्ही पोरं मुंबईहून, पुण्याहून, नागपूरहून आलात. खेडं बघायला आलात. बघा. पण पाणवठा आणि देवळाची पायरी मी आज दाखवणार नाही. त्यावर तुम्ही वाचलंय, लिहिलंय, मोर्चे काढलेत. आज मी तुम्हाला घरात नेणार आहे, चुलीपाशी. तिथं आपला मोर्चा अजून गेलेला नाही.

विषय आडवळणानं सांगत नाही. पोटुशी बाई आणि तिला बसणारा मार. लोक म्हणतात, नवराबायकोचं भांडण आहे, त्यात काय पडायचं. मी म्हणते, तो आरोग्याचा प्रश्न आहे, मरणाचा प्रश्न आहे. आणि हे मरण माता-मृत्यूच्या वहीत चढत नाही. मला एवढंच सांगायचंय. बाकी सगळा त्याचा पुरावा.

मी डॉक्टर नाही, नर्स नाही. अडलेल्या बायांबरोबर मिळेल त्या गाडीत बसून दवाखान्यात जाणारी, केसपेपर काढणारी, बाहेरच्या बाकड्यावर रात्र काढणारी बाई आहे. बाकड्यावर जे ऐकलं, तेच पुढं अभ्यासकांच्या कागदात वाचायला मिळालं. दोन्ही आज तुमच्यापुढं ठेवते.

सुरुवात या मुलखापासूनच करू. इथं दोन बाळंतपणांच्या गोष्टी आहेत.

पहिली सगळ्यांना ठाऊक आहे. हा सिंदखेडराजा तालुका, जिजाऊंचं जन्मगाव. १२ जानेवारीला इथं माणसांचा पूर येतो. पण त्या पुरात एक गोष्ट कुणी सांगत नाही. १६२९ साली जिजाऊंचे वडील लखुजी जाधव आणि त्यांची मुलं देवगिरीला निजामशाही दरबारात मारली गेली. मुलूख पेटला होता. त्या धामधुमीत जिजाऊंना दिवस गेले होते. त्यांना शिवनेरीवर ठेवलं गेलं, आणि फेब्रुवारी १६३० मध्ये तिथं शिवरायांचा जन्म झाला. म्हणजे पोटुशा बाईला किल्ला लागतो, तटबंदी लागते, दारावर राखण लागते, हे चारशे वर्षांपूर्वीच्या सरदाराला कळत होतं.

दुसरी गोष्ट शेजारच्या देऊळगावराजा तालुक्याकडची. मेहुणा राजा हे चोखोबाचं जन्मगाव मानतात. खडकपूर्णेच्या धरणालाही त्याचंच नाव दिलंय, संत चोखासागर. चोखोबाची बायको सोयराबाई. स्वतः अभंग रचणारी बाई. आख्यायिका अशी, की सोयरेचे दिवस भरले, घरात दाणा नाही, आणि चोखोबा बहिणीकडं, निर्मळेकडं निघून गेला. सोयरा एकटी अडली. तेव्हा विठ्ठल नणंदेचं रूप घेऊन आला आणि त्यानं बाळंतपण केलं. लोक ही गोष्ट भक्तीनं सांगतात, डोळे पुसतात. मी ती बाईच्या बाजूनं ऐकते. मला त्यात एवढंच ऐकू येतं, की महाराच्या बाईचं बाळंतपण करायला गावातली एक बाई आली नाही. नवरा जागेवर नव्हता. शेवटी देवाला लुगडं नेसावं लागलं. गोष्टीनंच ते कबूल केलंय.

एकीला किल्ला मिळाला, एकीला देव. आज आपल्या वस्तीतल्या बाईला काय मिळतं? किल्ला नाही, आणि विठ्ठल तर काही येत नाही. आणि मारणारा दाराच्या आतच असेल तर राखण कुणापासून करायची?

आता ती लाथ पोटावर बसते तेव्हा आत काय होतं ते ऐका. पोरांनो, खाली बघू नका. मोर्चात लाठी बसली की कुठं बसली, किती टाके पडले हे तुम्ही तपशिलानं सांगता. तसंच हे ऐकायचं.

पोटात मूल वारेवर जगतं. वार गर्भाशयाला आतून चिकटलेली असते. आईच्या रक्तातला प्राणवायू, अन्न, सगळं वारेतून मुलाला जातं. पोटावर लाथ, बुक्की, पाट्याचा दणका बसला, किंवा बाईला भिंतीवर ढकललं, की गर्भाशयाला हिसका बसतो आणि वार वेळेआधी सुटू शकते. वार सुटली की मुलाचा श्वास तुटतो आणि आईला रक्तस्राव होतो. यातली सगळ्यात हरामखोर गोष्ट अशी, की ते रक्त दर वेळी बाहेर येत नाही. वारेमागं आतच साचतं. लुगड्याला डाग नाही, म्हणून घरचे म्हणतात, काही नाही झालं, निजू द्या तिला. आणि बाई आतल्या आत रिकामी होत जाते. पोट फळीसारखं कडक होतं, कळ थांबत नाही, मूल फिरायचं थांबतं. तेव्हा धावपळ सुरू होते. तेव्हा उशीर झालेला असतो.

वार सुटली नाही तरी पाणमोट फुटते, कळा अवेळी येतात, मूल अपुऱ्या दिवसांचं, अपुऱ्या वजनाचं जन्मतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्ये जगभरातले अभ्यास एकत्र करून सांगितलं, की नवऱ्याचा किंवा जोडीदाराचा मार खाणाऱ्या बाईला अपुऱ्या वजनाचं मूल होण्याची शक्यता १६ टक्क्यांनी जास्त, आणि अपुऱ्या दिवसांत बाळंत होण्याची ४१ टक्क्यांनी जास्त.

हा झाला उघड मार. दुसरा मार दिसत नाही. मार खाणारी बाई तपासणीला जात नाही, कारण अंगावर वळ आहेत. नर्सनं हात धरला तर काय सांगायचं? जिला मारतात तिला पोटभर वाढतही नाहीत. सगळ्यांच्या मागून जेवायचं, उरलं तर. मग रक्त कमी. रक्त कमी असलेली बाई बाळंतपणातला थोडा रक्तस्रावही सोसू शकत नाही. ती मेली तर कागदावर लिहितात, रक्तस्रावानं मेली. खरं आहे. पण तिचं रक्त आधी कुणी प्यालं ते कागदावर नाही. त्यातून झोप उडते, जीव नकोसा होतो, विहीर जवळची वाटायला लागते.

हे सगळं मी मनानं बोलत नाही. याच महाराष्ट्रातला पुरावा आहे. पुण्याच्या के. ई. एम. हॉस्पिटलच्या संशोधकांनी, बेला गणात्रा, कोयाजी आणि राव या तिघांनी, १९९३ ते १९९५ या काळात पश्चिम महाराष्ट्रातल्या ४०० खेड्यांतल्या १२१ माता-मृत्यूंचा माग काढला. नुसते सरकारी आकडे उचलले नाहीत, मिळेल त्या वाटेनं प्रत्येक मरण शोधून काढलं. १९९८ मध्ये तो अभ्यास जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात छापून आला. त्यात काय निघालं? गरोदरपणात झालेल्या मृत्यूंमध्ये घरातला मार हे दोन नंबरचं कारण. शंभरात सुमारे १६ मरणं.

दोन नंबर! आम्हाला तोवर काय शिकवलं होतं? बाई रक्तस्रावानं मरते, झटक्यांनी मरते, जंतू होऊन मरते. लोहाच्या गोळ्या वाटा, धनुर्वाताचं इंजेक्शन द्या. द्याच. पण नवऱ्याच्या लाथेवर कुठली गोळी आहे?

त्याच अभ्यासातल्या आणखी तीन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, दोन तृतीयांशाहून जास्त माता-मृत्यू सरकारी दप्तरात नोंदलेच नव्हते. दोन, मेलेल्या बायांना जगलेल्यांपेक्षा जास्त दवाखाने फिरावे लागले होते. इथून पुढं न्या, तिथून पुढं न्या. तुम्हा दुसरबीडच्या माणसांना हे वेगळं सांगायला नको. इथून सिंदखेडराजा, तिथून जालना नाहीतर बुलडाणा, आणि जीव मधल्या रस्त्यावर. तीन, दुखणं आलं तेव्हा जी बाई माहेरी होती, तिची जगण्याची शक्यता जास्त होती.

ही तिसरी गोष्ट परत ऐका. माहेर. औषध नाही, मशीन नाही. ज्या घरात बाईचं दुखणं खरं मानतात आणि ताबडतोब गाडी बघतात, ते घर. जिजाऊंना शिवनेरी, आमच्या बाईला माहेर. गरिबाघरच्या बाईचा किल्ला हाच. पहिल्या बाळंतपणाला माहेरी न्यायची रीत आहे ना आपल्यात? आपल्या आज्यांना आकडेमोड येत नव्हती, पण त्यांनी ती रीत उगाच नाही धरली. आता बघा, पहिल्याला माहेर. दुसऱ्या-तिसऱ्याला कोण नेतं? माहेर स्वतःच मजुरीवर, आईबाप वीटभट्टीवर नाहीतर कुठल्या शहराच्या झोपडीत. किल्ला पडला. बाई उघड्यावर.

आता मोजणीकडं येते.

२० ऑगस्ट २०२१. याच दुसरबीडजवळ, तढेगावच्या बाजूला, समृद्धी महामार्गाच्या कामावर लोखंडी सळ्या आणि मजूर एकत्र घेऊन निघालेला टिप्पर उलटला. १३ मजूर मेले. सळ्यांखाली चिरडून मेले. बातमी देशभर गेली. त्यांच्या जिवाची किंमत ठेकेदारानं किती केली हा वेगळा सवाल. पण निदान ते मोजले गेले. तेरा म्हणजे तेरा. का? कारण ते रस्त्यावर मेले. घरात मेलेली बाई मोजली जात नाही.

कशी मोजली जात नाही, सांगते. माता-मृत्यूची जगभर एक व्याख्या आहे. बाई गरोदर असताना किंवा गरोदरपण संपल्यापासून ४२ दिवसांच्या आत, गरोदरपणामुळं किंवा त्यानं बळावलेल्या दुखण्यानं मेली, तर तो माता-मृत्यू. अपघाती किंवा योगायोगाच्या कारणानं मेली, तर नाही. आता बसवा आपल्या बाईला या व्याख्येत. सातव्या महिन्यात नवऱ्यानं डोक्यात खोरं घातलं. गेली. ही माता नव्हे, हा खून. ती पोलिसाच्या वहीत. रॉकेल ओतून जाळली. ही माता नव्हे, भाजून मेली. विहिरीत सापडली. पाय घसरला. एक बाई, दोन जीव, आणि आरोग्यखात्याच्या वहीत शून्य.

महाराष्ट्रात २०१८ ते २०२० या काळात लाख जिवंत जन्मांमागं ३३ माता-मृत्यू होते. देशात ९७. आपलं राज्य देशात पुढच्या रांगेत. चांगलं आहे, मी नाक मुरडत नाही. आशाताईंनी, नर्सबायांनी, १०८ च्या गाड्यांनी बाया वाचवल्यात. पण माझा सवाल एवढाच आहे, की मारून टाकलेली बाई या ३३ मध्ये येते का? व्याख्येनंच तिला दाराबाहेर ठेवलं असेल, तर आकडा खाली आला म्हणून तिच्या नावानं पेढे कशाला वाटता?

कुणी म्हणेल, व्याख्या ती व्याख्या, शास्त्र आहे. बरं. गरोदरपणातली आत्महत्यासुद्धा बरीच वर्षं अशीच बाजूला टाकली जायची. २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं, की ती थेट माता-मृत्यूत धरा. म्हणजे व्याख्या आकाशातून पडत नाही. माणसं लिहितात, माणसं खोडतात. ज्यांनी मनुस्मृती जाळली त्यांच्या लेकरांनी एका व्याख्येपुढं हात जोडून बसावं?

आता दुसरी बाजू. जिवंत आहे तिला तरी कुणी विचारतं का?

गरोदर बाईच्या कार्डावर वजन असतं, रक्तदाब असतो, हिमोग्लोबिन असतं, लघवीची तपासणी असते. मारहाणीचा रकाना मी अजून कुठल्या कार्डावर पाहिला नाही. एका दवाखान्यात, नाव सांगत नाही, मी एका बाईबरोबर गेले होते. आठवा महिना, कमरेवर बुटाची खूण. डॉक्टरनं विचारलं, काय झालं? सासू पुढं होऊन म्हणाली, पडली. डॉक्टरनं मान वर न करता लिहिलं, पडल्यामुळे. बाई माझ्याकडं बघत होती. तिला एकटीला आत घेऊन कुणी विचारलं असतं तर ती बोलली असती. सासूसमोर काय बोलणार? तिला त्याच घरी परत जायचं होतं.

आणि विचारलं तर बाया सांगतात. आकडे बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, २०१९ ते २०२१. घरी येणारा पाहुणा माणूस लांबलचक प्रश्नावली घेऊन विचारतो, त्यात गरोदरपणी शारीरिक मार खाल्ला असं सांगणाऱ्या बाया देशात शंभरात ३.१. त्याच पाहणीत दिसतं, की मार खाणाऱ्या शंभर बायांतल्या १४ जणींनीच कधी कुणाकडं मदत मागितली. आता मुंबईत काय झालं ते ऐका. 'सेहत' नावाच्या संस्थेनं सार्वजनिक रुग्णालयांत तपासणीला आलेल्या अडीच हजारांवर गरोदर बायांना, शिकवलेल्या समुपदेशक बाईकडून, एकांतात विचारलं. शिवीगाळ, उपाशी ठेवणं, जबरदस्ती, मार, सगळं धरून शंभरात १६ बाया म्हणाल्या, हो, या गरोदरपणातच होतंय. पहिल्या पाहणीत फक्त शारीरिक मार होता, दुसरीत सगळा जाच. दोन्ही एका तराजूत घालू नका. पण धडा घ्या. दार लावून, माणूस म्हणून विचारलं, की बाई बोलते. याच संस्थेनं आणि मुंबई महापालिकेनं मिळून २००० च्या सुमारास वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलात 'दिलासा' केंद्र उघडलं. दवाखान्यातच, मार खाल्लेल्या बाईसाठी. मग वांद्र्याला होतं ते सिंदखेडराजाला काहून होत नाही?

काही पोरांच्या डोळ्यांत मला सवाल दिसतोय. पोटुशी असताना काहून मारतात? जनावरसुद्धा गाभण असलं की माणूस त्याला जपतो.

बरोबर. जनावराला जपतो, कारण ते त्याची मत्ता आहे. बाईसुद्धा मत्ताच, पण तिच्या पोटावर त्याला शंका आहे. मूल माझंच का? पहिली मुलगी झाली, आता दुसरीही मुलगीच का? अंगाला हात लावू देत नाही, मिजास आली का? कामाला उरक नाही, बसून खाते का? हे चार सवाल आणि चार लाथा. बाई त्या नऊ महिन्यांत सगळ्यात जास्त परावलंबी असते, पळू शकत नाही, मजुरीला जाऊ शकत नाही. दुबळ्यावर हात उचलायला मर्दानगी लागत नाही, फक्त संधी लागते.

मुलीचा सवाल या जिल्ह्यात किती खोल गेलाय ते ऐका. २०११ च्या जनगणनेत बुलडाणा जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या १००० मुलांमागं ८५५ मुली. दहा वर्षांपूर्वी ९०८ होत्या. जिजाऊंचा जिल्हा! महाराष्ट्रानं तर गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात सगळ्यांच्या आधी, १९८८ मध्ये, कायदा केला होता. तरी ८५५. ज्या मुली जन्मल्याच नाहीत त्यांच्याबद्दल सगळे हळहळतात. पण त्यांच्या आयांच्या शरीरावर काय गेलं? चौथ्या-पाचव्या महिन्यात मागच्या दारानं पोट पाडायला कोण नेतं? नको म्हणाली तर काय होतं? बाई वाचली तर सहा महिन्यांत पुन्हा पोटुशी, मुलासाठी. रक्त भरून यायला वेळ नाही. हीसुद्धा पोटावरची लाथच आहे, फक्त बूट पांढरा असतो.

आणि घराबाहेर? दंगलीत, गावगुंडीत पोटुशी बाई मुद्दाम हेरली जाते, कारण तिच्या पोटात त्या जमातीचं उद्याचं माणूस असतं. गुजरातमध्ये मार्च २००२ मध्ये बिल्किस बानोवर सामूहिक बलात्कार झाला तेव्हा ती पाच महिन्यांची गरोदर होती. खटला मुंबईत चालला, २००८ मध्ये ११ जणांना जन्मठेप झाली. १५ ऑगस्ट २०२२ ला त्यांना शिक्षा माफ करून सोडलं, हारतुरे झाले. ८ जानेवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं ती माफी रद्द केली. एका गरोदर बाईला बावीस वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. बाहेरच्या अशा अत्याचारावर आपण रस्त्यावर उतरतो. उतरलंच पाहिजे. सवर्णानं आपल्या बाईवर हात टाकला तर ॲट्रॉसिटी लावा, गाव बंद करा.

पण भावांनो, आता खरी अवघड जागा आली. हात आपलाच असेल तर?

दिवसा मोर्चात आवळलेली मूठ रात्री कुठं पडते? मला सांगतात, ताई, हे बोलू नका, वस्तीची बदनामी होते, सवर्णांना आयतं कोलीत मिळतं. मला सांगतात, दारिद्र्य आहे, दारू आहे, व्यवस्थेचा राग आहे, तो घरात निघतो. व्यवस्थेचा राग व्यवस्थेवर काढ ना बाबा! मालकानं मजुरी बुडवली तेव्हा त्याच्या पोटात लाथ नाही घातली. फौजदारानं शिवी दिली तेव्हा नाही घातली. घातली कुणाला, तर जी तुझंच लेकरू घेऊन उभी आहे तिला. हा बंडखोरपणा नाही. पाटलानं शिकवलेला धडा आपल्या घरात गिरवणं आहे. आणि बंगल्यात मार नसतो असं कोण म्हणतं? बंगल्यात भिंती जाड असतात, आवाज बाहेर येत नाही. आपल्याकडं पत्रा असतो. एवढाच फरक. त्यांच्या बाईसाठीही आपण बोलू, पण सुरुवात आपल्या पत्र्याखालून.

ही मागणी नवी नाही. जोतिबा आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. कुणासाठी? फसवलेल्या, पोटुशा राहिलेल्या विधवांसाठी, त्यातल्या ब्राह्मण बायांसाठीसुद्धा. या आणि सुखरूप बाळंत व्हा. जात विचारली नाही. ते घर म्हणजे शिवनेरीच. २८ जुलै १९२८ ला बाबासाहेब मुंबईच्या कौन्सिलात गिरणी-कारखान्यांतल्या बायांच्या प्रसूतिरजेच्या बिलावर बोलले. बाळंतपणाआधी आणि नंतर बाईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, असं त्यांनी मांडलं. २० जुलै १९४२ ला नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी बायांना सांगितलं, की नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीनं उभी राहा, गुलाम होऊ नका. फोटो आपण लावतो. त्या फोटोखाली बायको मार खाते, आणि बाबासाहेब बघत असतात.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण पोलीस ठाण्यात ते तुम्हाला कुणी सांगणार नाही. पोटुशी बाई मार खाऊन गेली की ठाण्यात बहुतेक एन. सी. लिहून हातात कागद देतात. साधी मारामारी. तिथंच अडायचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिचं कलम ८५ नवऱ्याच्या आणि सासरच्या क्रूरतेचं, जुनं ४९८-अ. कलम ८९, बाईच्या संमतीशिवाय गर्भपात घडवणं, जन्मठेपेपर्यंत शिक्षा. कलम ९२, आई मेली असती तर सदोष मनुष्यवध ठरला असता अशा कृत्यानं पोटात फिरू लागलेलं मूल मारणं, दहा वर्षांपर्यंत शिक्षा. ही कलमं कागदावर लिहून खिशात ठेवा. २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्यानं बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क आहे, संरक्षणाचा आदेश मिळतो, आणि अर्ज आला की मॅजिस्ट्रेटनं साधारण तीन दिवसांत पहिली तारीख ठेवायची असते. दवाखान्यात वैद्यकीय नोंद करून घ्या. 'पडली' असं लिहू देऊ नका. बाईच्या तोंडचं वाक्य लिहा म्हणा.

आता काम. भाषण ऐकून टाळ्या पिटून एस. टी. त बसायचं असेल तर मला बोलावू नका.

पहिलं. पोटुशा बाईच्या पोटाला मार लागला, पडली, ढकलली गेली, काहीही असो, रक्त दिसो न दिसो, त्याच दिवशी दवाखाना. काही तास तिथं ठेवून घ्या म्हणायचं. पोट कडक, पाणी गेलं, रक्त गेलं, मूल फिरत नाही, यातलं एकही असेल तर एक मिनिट थांबायचं नाही, १०८ लावायचा. रक्तगट निगेटिव्ह असेल तर डॉक्टरला सांगायचं, त्याचं इंजेक्शन ७२ तासांच्या आत लागतं.

दुसरं. प्रत्येक वस्तीत एक घर ठरवा. रात्री बारा वाजता पोटुशी बाई आली तर दार उघडेल आणि नवरा मागं आला तर उघडणार नाही असं घर. ज्या बाईला माहेर उरलं नाही तिचं माहेर चळवळीनं व्हायचं. मुंबईच्या चाळीत, पुण्याच्या झोपडपट्टीत, नागपूरच्या मोहल्ल्यातही.

तिसरं. आरोग्य केंद्रात मागणी लावून धरा, की तपासणीला आलेल्या प्रत्येक गरोदर बाईला, घरच्यांना बाहेर थांबवून, एकटीला विचारा. आणि मेलेली प्रत्येक गरोदर बाई, जळून असो, बुडून असो, मारून असो, माता-मृत्यूच्या चौकशीत आणा. सरकार वही ठेवत नसेल तर आपण ठेवू. वस्तीची वही. कोण पोटुशी होती, कुणाला मार बसला, मूल जगलं का, बाई जगली का. लाथ मोजली गेली तरच ती दिसेल.

चौथं, आणि हे फक्त पोरांना. तुमच्या शाखेतला, तुमच्या बाजूला घोषणा देणारा माणूस पोटुशा बायकोला मारतो हे माहीत असेल, तर तो तुमचा दोस्त राहिला नाही पाहिजे. त्याला स्टेज नाही, झेंडा नाही, वर्गणीची पावती नाही. त्याचा भाऊ, त्याचा पुढारी आडवा आला तरी नाही. सवर्णाशी भांडायला जी छाती लागते, त्याहून मोठी छाती इथं लागेल. आहे का?

बायांनो, तुम्हाला एकच सांगते. पडले म्हणू नका. मारलं म्हणा. सासूसमोर म्हणा, डॉक्टरसमोर म्हणा, ठाण्यात म्हणा. एकटीनं जमत नसेल तर आम्हाला हाक मारा, आम्ही बाजूला उभ्या राहून म्हणू. लाज मार खाणारीची नसते.

जय भीम.